पांढरीचं टोपलं

पहिलं ढेकूळ कानावर बसलं. दुसरं पाठीत. तिसरं हुकलं आणि लिंबाच्या खोडावर फुटलं. मास्तर देवळाच्या पायरीवर उभे राहून नेम धरत होते. छडी हातात होती, पण छडी मला लागली असती तर बाटली असती. म्हणून ढेकळं. माझ्यासाठी ती आधीच वेचून पायरीशी रास करून ठेवलेली असायची. ते काम देशमुखाचा पोरगा आवडीनं करायचा. नेम बसला की टाळ्याही तोच वाजवायचा.

माझा गुन्हा एका शब्दाचा.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य. शाळा सरकारी, पण भरायची मारुतीच्या देवळात. पोरं आत सभामंडपात, मी बाहेर लिंबाखाली. महाराच्या पोराचं नाव हजेरीत घ्यायचं असा वरून हुकूम होता, म्हणून माझं नाव हजेरीत होतं. मास्तर एकेक नाव पुकारायचे आणि पोरं ओरडायची, "हाजिर!" माझं नाव सगळ्यांच्या शेवटी. मी उठून, कमरेत वाकून, जमिनीला हात लावून म्हणायचं, "जोहार." गावात बा देशमुखाला जसा जोहार घालायचा, तसाच मी हजेरीला घालायचा.

त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला आणि तोंडातून निघून गेलं, "हाजिर!"

मग ढेकळं सुरू झाली. हात दुखल्यावर मास्तर थांबले आणि मला नीट समजावून सांगितलं. त्यांचा शब्द न् शब्द मला आठवतो.

"हाजिर आत बसलेल्यानं म्हणायचं. तू बाहेर आहेस. बाहेरच्यानं जोहार घालायचा."

कानातून रक्त येत होतं. मी वाकलो. जमिनीला हात लावला. जोहार घातला. मास्तर आत गेले आणि पाढे सुरू झाले.

घरी मायनं कानात हळद भरली. ती रडली नाही, शिव्या देत राहिली. मास्तरला, देशमुखाला, मारुतीला. बा चावडीवरून आला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. माझ्या जिभेबद्दल त्याला चारचौघांत खडसावलं होतं. मला वाटलं, आता हाही मारणार. तो नुसता माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "इमारत हू दे. मग तू आत बसशील. मग म्हन, काय म्हनायचं ते."

इमारतीची गोष्ट अशी. शाळा तपासायला एक मोहतमीम साहेब यायचे. शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी. लिंबाखाली मला बघून त्यांनी विचारलं होतं, "ये लडका बाहर कायकू बैठा?" देशमुख म्हणाले, देऊळ आहे हुजूर, महार कसा आत घ्यावा? साहेबांनी मान हलवली. "सरकारी इमारत बनेगी. सब बच्चे अंदर बैठेंगे." देशमुख म्हणाले, "जी हुजूर." इमारतीला जागा देशमुखांची, कामाचा ठेका देशमुखांचा आणि वेठीला महारवाडा आमचा.

सगळ्या गावात त्या इमारतीची घाई फक्त आम्हालाच होती. देवळातल्या पोरांना डोक्यावर सावली होती. मास्तरांना दक्षिणा होती. आमचं मात्र त्या चार भिंतींत सगळं अडकलं होतं. बाहेर बसून शिकणं म्हणजे काय, ते सांगतो. पाटीवर अक्षर काढायचं आणि पाटी उंच धरायची. मास्तर लांबून बघितल्यासारखं करायचे. मी 'ळ' उलटा काढत होतो. वर्षानुवर्षं काढत होतो. जवळ येऊन बोट ठेवून चूक दाखवायला कुणी नव्हतं. देशमुखाचा पोरगा आणि मी एकाच दिवशी शाळेत गेलो होतो. तो इयत्ता चढत गेला आणि मी लिंबाखाली उलटा 'ळ' काढत बसलो.

तर इमारत. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दगड वाहिले. बा, माय, चुलता, चुलती, सगळा महारवाडा. वेठीला भाकरसुद्धा मिळत नाही, पण त्या उन्हाळ्यात कुणी कुरकुर केली नाही. माय डोक्यावर दगड घेऊन हसायची. "आपल्या लेकराची शाळा हाय," म्हणायची. भिंती कमरेइतक्या आल्या आणि काम थांबलं. मिस्त्रीला ताप आलाय म्हणाले. तापानं फणफणलेला हा मिस्त्री देशमुखाच्या विहिरीचं कडं बांधताना आम्ही रोज बघत होतो. शाळेचं नवं साल उजाडलं. शाळा देवळात भरली.

पुढच्या उन्हाळ्यात अंबाजोगाईहून गाड्या भरून सागवान आलं. बानं त्यावर हात फिरवून बघितलं, एवढं सरळ लाकूड. ते आधी देशमुखाच्या वाड्यामागं वाळायला ठेवलं. तिथून ते त्यांच्या नव्या गोठ्याला गेलं. शाळेला मग शिवारातली बाभळीची वाकडी लाकडं तोडून आणली. तेवढ्यात अधिक महिना लागला. अधिकात चौकट बसवता येत नाही म्हणे. त्यानंतर त्यांच्या घरात लग्न निघालं. दर साली नवं साल सुरू व्हायच्या तोंडावर बा वाड्यावर जायचा, लांब उभा राहून विचारायचा आणि तेच ऐकून यायचा. "आवंदा येळ न्हाई. पुढल्या साली बगू."

आम्ही एवढे भोळे, की आम्हाला ही दिरंगाई वाटायची. तो नकार होता हे मला फार उशिरा कळलं. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, वर साहेबांचा हुकूम होता. म्हणून नुसतं पुढं ढकलत राहायचं. पोरगं आपोआप मोठं होतं, औताला जुंपलं जातं, प्रश्न मिटतो.

मला मिसरूड फुटायला लागलं तेव्हा बातमी आली की मोहतमीम साहेब येणार. नव्या सालाच्या पहिल्या दिवशी, इमारत बघायला. आता मात्र देशमुखांची पळापळ झाली. भिंती झाल्या, लाकडं चढली. राहिलं होतं फक्त माळवद.

माळवद म्हणजे मातीचं धाबं. लाकडावर काटक्या, काटक्यांवर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती कुठलीही चालत नाही. गावाच्या जुन्या, मोडलेल्या वस्तीचा ढिगारा असतो, त्याला आमच्याकडे पांढरी म्हणतात. तिथलीच माती लागते. ती भेगाळत नाही, पाणी आत जाऊ देत नाही. दरसाल उन्हाळा सरताना तिचा एक नवा थर द्यावाच लागतो. आणि पांढरी खणायची, टोपल्यानं वाहायची, ते काम महाराचं. दुसऱ्या कुणी तिथं कुदळ मारली तर तो महार ठरतो. अशी आमच्या गावची रीत.

म्हणून सगळा महारवाडा पांढरीवर लोटला. आम्ही पोरं माळवदावर. माती पसरायची, पाण्याचा हबका मारायचा, पायानं तुडवायची, मग बायांनी चोपण्यानं चोपायची. माय वर यायची, टोपलं रिकामं करायची आणि उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून खाली डोकावून बघायची. "हितं बसशील का तितं, भितीशी?" मला विचारायची. मी म्हणायचो, खिडकीपाशी. खरं सांगतो, मी आयुष्यात एवढा खूश कधी नव्हतो. पायाखालच्या त्या चिखलावर माझा जीव जडला होता.

साहेब यायच्या आदल्या दिवशी काम झालं. देशमुख आले. सभोवार फिरून बघितलं. मग आम्हाला खाली उतरायला सांगितलं आणि त्यांच्या गड्यानं तांब्या आणला. गोमूत्राचा. आम्ही बांधलेल्या भिंतींवर, चौकटीवर, आतल्या जमिनीवर ते शिंपडलं. आमचा विटाळ जायला.

बा हात जोडून लांब उभा होता. अजून त्याला कळलं नव्हतं. की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

"मालक, उंद्या पोरगं कुटं बसवावं?"

"कुटं म्हंजे? बसत हुतं तसंच. भाईर."

"हितं लिंब न्हाई, मालक. सावली न्हाई."

"मंग खिडकीखाली एक वटा बांधून देऊ तुमाला."

"कवा, मालक?"

"आवंदा येळ न्हाई. पुढल्या साली बगू."

बानं जोहार घातला. मी बघितलं. हात जमिनीला लागला. माय टोपलं काखेत धरून उभी होती. मला बापाची कीव आली नाही, राग आला. त्या वाकलेल्या पाठीवर लाथ घालावी असा राग. मग तो राग फिरला आणि जिथं जायला हवा होता तिथं गेला. तिथून तो अजून हललेला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दाराला आंब्याची तोरणं, आत सतरंजी, मास्तरांना नवं उपरणं. मी मागच्या बाजूनं शिडीवरून माळवदावर चढलो आणि झरोक्याशी पालथा पडलो. खाली हजेरी सुरू झाली. हाजिर, हाजिर, हाजिर. साहेबांसमोर माझंही नाव पुकारणं भाग होतं. पुकारलं.

मी झरोक्यात तोंड घातलं आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "हाजिर!"

खाली सगळ्यांच्या माना वर. मास्तरांचं तोंड उघडं. साहेब म्हणाले, "कौन है?"

देशमुख हसून म्हणाले, "बंदर है, हुजूर."

पोरं खदाखदा हसली. मी तोंड मागं घेतलं नाही. पुन्हा म्हणालो, "हाजिर." साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं. ओळखलं. लिंबाखाली मला बघून ज्यानं प्रश्न विचारला होता, तोच माणूस. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, खाली ये, आत बस.

साहेब म्हणाले, "अच्छा." मग सरबत प्याले. तोंड पुसलं. "इमारत उम्दा है," म्हणाले आणि घोड्यावर बसून गेले.

साहेबाची टोपी वाटेच्या वळणाआड दिसेनाशी झाली तशी माझी सरकारवरची आशाही गेली. बरं झालं. नाहीतर जन्मभर कुणाच्या तरी हुकुमाची वाट बघत बसलो असतो.

मला खाली ओढायला कुणी वर आलं नाही. हात लावायचा कुणी? देशमुखाच्या पोरानं फक्त शिडी काढून घेतली. खालून ओरडला, "बस बे आता वर. पुढल्या सालापत्तर."

दिवसभर मी त्या धाब्यावर भाजत पडलो. पाणी नाही, सावली नाही. खाली धडे चालले होते. माळवदावर कुणाचं तरी विसरलेलं खोरं पडलं होतं. मनात आलं, उकरावं. सगळी माती झरोक्यातून त्यांच्या डोक्यात ओतावी. मी खोरं उचललंही. मग लक्षात आलं, आज मी उकरलं तर उद्या वेठीला माझीच माय येणार आणि भरणार. त्यांचं काय जाणार होतं? त्यांना कधी काही करावंच लागत नव्हतं. भिंत आमची, माती आमची, चोपणं आमचं. आमच्याशिवाय त्यांच्या डोक्यावर सावलीसुद्धा उभी राहत नव्हती, आणि हे इतक्या पिढ्यांत आम्हाला दिसलं नव्हतं. मी खोरं खाली ठेवलं. मला काही मोडायची गरज नव्हती. नुसते हात आवरायचे होते.

दिवस कलताना माय आणि बा शिडी घेऊन आले. बा खालूनच म्हणाला, "उतर. वाड्यावर जाऊन माफी माग."

मी उतरलो. म्हणालो, "बा, मी जाणार न्हाई. आन आजपासून पांढरीचं टोपलं बी उचलणार न्हाई."

बानं हात उगारला. मायनं तो मधेच धरला. "मी बी न्हाई उचलणार," म्हणाली. बायकोनं नवऱ्याचा हात धरलेला मी पहिल्यांदाच बघितला.

वर्षभर महारवाड्यात भांडणं झाली. म्हातारे आम्हाला शिव्या घालत होते. गावाशी वाकडं करून खाणार काय? मी घरोघर गेलो. भाषण नाही केलं. गोमूत्राचा तांब्या आठवतो का, एवढंच विचारलं. तो सगळ्यांना आठवत होता.

उन्हाळा सरत आला. नवं साल तोंडावर. शाळेच्या माळवदाला थर द्यायची वेळ झाली आणि वेठीची हाळी आली. कुणी गेलं नाही. चावडीवर बोलावणं आलं, तेव्हा बाच्या जागी मी गेलो. देशमुख लोडाला टेकून बसले होते.

"पांढरीला कावून आला न्हाईत बे?"

एवढी गोड संधी माणसाला जन्मात एकदाच मिळते. मी वाकलो नाही. जोहार घातला नाही. म्हणालो,

"आवंदा येळ न्हाई, मालक. पुढल्या साली बगू."

चावडीत कुणाला तरी हसू फुटलं आणि ते त्यानं खोकल्यात दाबलं. देशमुखांचा चेहरा काळानिळा झाला. त्या एका चेहऱ्यासाठी मी आणखी एक साल उन्हात बसलो असतो.

त्याची भरपाई त्यांनी केली. आमचं बलुतं बंद. गावात कुणी काम देईना, वाणी मीठ देईना. आम्ही सिरसाळ्याच्या बाजारात हमाली केली, उपाशी राहिलो. चुलत्यानं तर दोनदा पांढरीकडे पाऊल टाकलं. चुलतीनं टोपलंच चुलीत घातलं.

देशमुखांनी मग आपल्या गड्यांना पांढरी खणायला सांगितलं. गडी कुणबी. वर्षानुवर्षं हो ला हो म्हणणारे. या एका गोष्टीला ते अडले. "आमी काय म्हार हाव का?" म्हणाले. त्यांना खरं म्हणजे दुसरं कुणी शिकवलं नव्हतं, देशमुखांनीच शिकवलं होतं. आता त्यांना कुठल्या तोंडानं जबरदस्ती करणार? शेवटी देशमुखांनी आपल्याच रानातली काळी माती गाड्या भरून माळवदावर टाकली. काळी माती उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण काळी वाहिली तर जात बाटत नव्हती. एवढ्यासाठी त्यांनी धाब्याचा सत्यानाश केला.

श्रावणात ती माती पाणी पिऊन पिऊन जड झाली आणि नागपंचमीला, शाळेला सुट्टी असताना, बाभळीची लाकडं मोडून सगळं माळवद खाली बसलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पोरं आत असती तर मी काय केलं असतं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण रिकाम्या शाळेचा तो आवाज ऐकला तेव्हा मी जेवत होतो आणि मला भाकर गोड लागली. यात खोटं काय सांगू?

मग देशमुख स्वतः आले. महारवाड्याच्या शिवेपर्यंत. मला बाजूला बोलावलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुला आत बसवतो. मास्तरला मी सांगतो. तुला एकट्याला. माती तेवढी टाका."

मला आत बसायचं होतं. देवाशपथ बसायचं होतं. खिडकीपाशी. एका क्षणी जीभ हो म्हणायला उचललीसुद्धा गेली. मग मी त्यांच्या पागोट्याकडे बघितलं. मोठं, पिळदार, कोरं पागोटं.

"पयलं टोपलं तुमच्या डोक्यावर, मालक. पांढरीपासून शाळेपत्तर, गावासमोर. मंग बाकीचं आमी बगू. आन आत बसतील ती समदी पोरं."

ते थुंकले आणि निघून गेले. शाळा पुन्हा देवळात भरली. मी लिंबाखाली गेलो नाही. अक्षर मी पुढं अंबाजोगाईत, हमालांच्या अड्ड्यावर शिकलो. 'ळ' तिथं सुलटा झाला. गावातले शहाणे अजून म्हणतात, इमारत पडून तुमचंच नुकसान झालं. झालं. ते मला सोसलं.

देशमुख वारले. मी मौतीला गेलो नाही. दिवस झाल्यावर त्यांचा पोरगा आला, तोच, ढेकळं वेचणारा. आता गावचा मालक तो. म्हणाला, जुनं झालं गेलं विसरा, नवं साल तोंडावर आहे, इमारत पुन्हा उभी करू, पांढरी टाका.

मी त्याला म्हणालो, "बाप गेला, हरकत न्हाई. तुमचं डोकं चालंल. पर डोकं देशमुखाचंच लागंल."